टब काढला त्या वर्षी

उल्हासभाऊजी टबच्या काठाशी उकिडवे बसले, बोटांनी टकटक केलं आणि कलिंगड निवडताना करतात तसं तोंड करून म्हणाले, "वहिनी, ही होडी आता काढायची."

"का? बुडतेय का?" मी विचारलं.

"ती कशाला बुडेल? तुम्हाला बुडवेल. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आलीय ती हिच्याच पोटातून. खालचा पाइप पार सडलाय. तो बदलायचा तर टब उचलायला हवा, आणि एकदा उचलला की परत बसवण्यात काही अर्थ नाही."

उल्हासभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. रत्नागिरीत त्यांचं फरशा आणि नळांचं दुकान आहे, त्यामुळे बाथरूम या विषयात त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. त्या दिवशी आम्ही चौघं आत दाटीवाटीने उभे होतो. मी, भाऊजी, त्यांची बायको मेधा आणि लग्न होऊन पुण्याला राहणारी, सुट्टीवर आलेली माझी लेक केतकी. एवढी माणसं आमच्या बाथरूममध्ये जमायची ती एरवी वर्षातून एकदाच, गणपतीच्या विसर्जनाला.

हसू नका. ते तसंच होतं.

तो टब आमच्या ह्यांचा. हे बोटीवर इंजिनीअर. घर बांधायला काढलं तेव्हा मुंबईला भंगारात निघालेल्या एका बोटीवरचा बिडाचा टब ह्यांनी मोठ्या हौसेने उचलून आणला. तो दारातून आत जाईना, म्हणून आधी टब ठेवला आणि मग त्याच्याभोवती भिंत बांधली. पहिल्या दिवशी हे त्यात तासभर पहुडले, बाहेर आले, आणि आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही म्हणून बादलीभर पाणी घेऊन पुन्हा अंगावर ओतलं. त्यानंतर त्या टबात कोणी आंघोळ केली नाही. नळाला पाणी नसेल त्या दिवसासाठी साठा करायचा, गोधड्या भिजवायच्या आणि मे महिन्यात केतकीने डुंबायचं, एवढाच त्याचा उपयोग.

मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. आमचा गणपती पाच दिवसांचा, विसर्जन मांडवीच्या समुद्रात. त्या वर्षी सासूबाईंनी हट्टच धरला, गणपती पाण्यात जाताना मला बघायचाय. त्यांना समुद्रावर नेणं शक्य नव्हतं. ह्यांनी टब घासून लख्ख केला, विहिरीचं पाणी भरलं, आईला खुर्चीसकट उचलून आत आणलं आणि आरती म्हणत मूर्ती टबात सोडली. शाडूची मूर्ती, सकाळपर्यंत विरघळली. माती जास्वंदीच्या मुळाशी घातली. सासूबाई पुढच्या वर्षी नव्हत्या, पण गणपती टबातच जायला लागला. लोक आधी हसले, मग बघायला यायला लागले.

हे गेल्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. गणपती थोरल्याच्या घरी, ही आम्हा शेट्यांची रीत. थोरला गेला, त्याला मुलगा नाही, मग गणपती कोणाकडे? पहिल्या वर्षी भाऊजींनी येऊन पूजा केली. दुसऱ्या वर्षी मी केतकीला पाटावर बसवलं. गुरुजी पोथी उघडेनात तेव्हा म्हटलं, "मंत्र तुम्ही म्हणणार, फुलं ती वाहणार. अडलंय कुठे?" तेव्हापासून तीच बसत होती, आणि रेशमी साडी नेसून, केस पुसत ती पूजेला आली की मला वाटायचं, घर अजून घर आहे. हे तीस वर्षं बोटीवर असायचे. ते घर मी चालवलं होतं. त्या पाच दिवसांत सगळे शेट्ये माझ्या ओटीवर चपला काढायचे, माझ्या स्वयंपाकघरात लुडबुडायचे. उरलेलं वर्ष मी एकटीच असायचे, पण त्या पाच दिवसांवर ते निभायचं. गणपती गेला तर मी नुसती एक म्हातारी बाई उरेन, मोठ्या घरात दिवे मालवत फिरणारी. ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती. आणि मनातल्या मनात मी तो गणपती त्या टबाला बांधून ठेवला होता. टब बिचारा वजनदार. सहजासहजी कोणी उचलून नेला नसता.

"आणि गणपती?" मी विचारलं.

भाऊजींनी नळ उघडला, बंद केला.

"गणपतीचं काय वहिनी, मोठं पिंप आणू. माझ्या दुकानात ढीगभर पडलीत."

"गणपती पिंपात?"

"आई, तू परवा इथेच घसरलीस ना?" केतकी एकदम म्हणाली. "मला सांगितलंसुद्धा नाहीस. शेजारच्या लिमयेकाकूंकडून कळलं. हा काठ ओलांडून पलीकडच्या नळाला जातेस, रोज! कंबरडं मोडलं तर पुण्याहून मी पोचेपर्यंत तू इथे पडून राहशील." तिचे डोळे खरोखर वाहायला लागले. "खाली खडबडीत फरशी घालू, भिंतीला धरायला दांडा लावू, बसून आंघोळ करायला कट्टा करू. मला तिकडे झोप तरी लागेल."

लेकीच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी विरघळले. तरी म्हटलं, "टबाला हात न लावता पाइप बदलता येत असेल तर बघा."

"असू दे हो तो टब," मेधा दारातून म्हणाली. "वहिनींचा जीव आहे त्यात. राहू दे."

भाऊजींनी तिच्याकडे असं बघितलं की ती लगेच चहा टाकायला निघून गेली. मला मात्र तिचं फार कौतुक वाटलं. वीस वर्षं आम्ही जावा एका परातीत मोदकांची उकड मळत आलो होतो. माझं मन तिला कळतं, असं मला वाटलं.

शेवटी भाऊजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, माझ्याकडे बघा. दादाचा गणपती दादाच्या घरातून कुठे जाणार आहे? टबात सोडला काय आणि पिंपात सोडला काय."

"आई, मी आहे ना," केतकी म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी हो म्हणाले.

टब दारातून बाहेर येणार नव्हताच. तो घणाने फोडावा लागला. मी ओटीवर बसून ऐकत होते. बीड काही मुकाट्याने फुटत नाही, सगळ्या आळीला कळवून फुटतं. लिमयेकाकू दगडी गडग्यापलीकडून विचारत्या झाल्या, "काय हो, बोट फुटली?" मी म्हटलं, "हो, आता पोहत जायचं." त्या हसल्या, मीही हसले. मग आत जाऊन थोडी रडले.

काम महिनाभर चालणार, घरभर धूळ होणार, म्हणून मी भाऊजींच्या घरी राहायला गेले. देव बरोबर नेले. गणपतीचा पाटही मेधाने आठवणीने घेतला, म्हणाली, "गवंडी माणसं, त्याच्यावर सिमेंट कालवतील." आमच्याकडे मूर्ती तयार विकत आणत नाहीत. घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात नेऊन द्यायचा. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. ज्याच्याकडे पाट, त्याच्याकडे गणपती. शिसवी पाट, कोपऱ्यात ह्यांच्या आजोबांनी कोरलेलं कमळ. मेधाने तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

तो महिना सुखाचा गेला, हे मला कबूल करायला हवं. मेधा रोज विचारायची, आज बांगडा की सुरमई? भाऊजी दुकानातून फरशांचे नमुने आणायचे आणि माझ्यासमोर पत्त्यांसारखे मांडायचे. मी राणीसारखी बसून "हा नको, तो दाखवा" म्हणायचे. अंगणात तुळशीच्या बाजूला गवंडी एक हौद बांधत होते. चांगला रुंद, आतून निळ्या फरशीचा.

"हा कशाला गं?" मी मेधाला विचारलं.

"कमळं लावायची आहेत," ती कोथिंबीर निवडत म्हणाली.

"तुला कधीपासून कमळांची आवड?"

"ह्यांची हौस," ती म्हणाली, आणि कोथिंबिरीची चांगली पानं कचऱ्यात टाकत राहिली.

काम संपलं तेव्हा केतकी पुन्हा आली. बाथरूम झकास झालं होतं. दांडा, कट्टा, पाय न घसरणारी फरशी. आम्ही देव परत आणले. केतकी आणि भाऊजी "शॉवर बदलून आणतो, धार नीट पडत नाही," म्हणून गाडीने बाहेर पडले. बराच वेळ लागला त्यांना. पाट आणायचा राहिला, हे माझ्या रात्री लक्षात आलं. आषाढात मेधाला फोन केला तर ती म्हणाली, "अहो वहिनी, ह्यांनी परस्पर शाळेत पोचवला. तुमची फेरी वाचली."

"बरं झालं," मी म्हटलं. खरंच बरं वाटलं होतं मला. माणसं किती करतात आपल्यासाठी, असं वाटलं होतं.

श्रावणात मी आबा पांचाळांच्या शाळेत गेले. दरवर्षी एकदा जायचेच. सोवळं कोणत्या रंगाचं, शेला कसा, हे सांगायचा माझा मान. आबा मांडी घालून एका सोंडेवर ओला हात फिरवत होते.

"या वैनी. पाट शोधताय? ह्यो काय. यंदा सगळ्यांत पयला पाट तुमचा आला."

पाटावर मूर्ती बसली होती, अजून रंगाविना. नेहमीपेक्षा दीडपट मोठी.

"आबा, एवढी मोठी? माझ्या मखरात मावायची नाही ही."

आबांचा हात थांबला. "तुमच्या मखरात कशाला? उल्हासशेट म्हनले, बाप्पा आता कायमचा आमच्याकडं. हौद बांधलाय म्हनले, मोटा करा." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते चाचरले. "तुमाला ठावं आसंल असं वाटलं मला. केतकीताई हुत्या की संगती. तिनंच तर पाट हातात दिलान माज्या."

मी तिथल्या बाकड्यावर बसले. आबांनी पाणी दिलं. ते प्यायले की नाही, आठवत नाही.

तिथून मी सरळ भाऊजींच्या घरी गेले. भाऊजी दुकानात होते. मेधा अंगणात कपडे वाळत घालत होती. हौद तयार होता, कोरडा ठणठणीत.

"कमळं कुठे आहेत गं?" मी विचारलं.

तिने हातातला टॉवेल पिळला. तो आधीच पिळलेला होता.

"वहिनी, मी टब ठेवा म्हणत होते. तुमच्यासमोर म्हटलं होतं मी."

"म्हटलं होतंस. आणि मग महिनाभर मला सुरमई खाऊ घातलीस."

"मी ह्यांना सांगितलं होतं, सरळ विचारा. पण केतकी म्हणाली, टब आहे तोवर आई ऐकायची नाही. आधी टब काढा, मग बाकीचं आपोआप होईल." मेधा रडायला लागली. "तिनेच ह्यांना फोन केला होता वहिनी. ह्यांच्या मनात होतं, नाही म्हणत नाही. पण आधी फोन तिचा आला."

दीर माझ्या रक्ताचे नव्हते. जाऊ तर नव्हतीच. त्यांच्यावर मी चिडले असते, भांडले असते, आळीला ऐकू जाईल असं बोलले असते. पण लेकीचं नाव ऐकलं आणि मी तशीच मागे फिरले. मी घरी आले आणि तिला फोन लावला.

"मी आबांकडे गेले होते," एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "आई, साताऱ्याला माझ्या सासरी गणपती असतो. लग्न झाल्यापासून एकदाही मी तिथे नव्हते. सासूबाई बोलत नाहीत, पण दरवर्षी फोटो पाठवतात, सगळ्यांचा, माझी जागा रिकामी ठेवून. मला दोन्हीकडे नाही होत गं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच."

"नाही म्हणाले असते, केतकी. आकांडतांडव केलं असतं. चार दिवस तुझ्याशी बोलले नसते. आणि मग पाट मी माझ्या हाताने नेऊन भाऊजींच्या घरी दिला असता. मेधाला दाखवलं असतं, वात कुठे लावायची, सोवळं कसं नेसवायचं. मी दिला असता तो गणपती. तुम्ही माझ्याकडून तो चोरलात."

ती रडत होती. मी विचारलं, "मी घसरले म्हणून त्या दिवशी रडलीस, तेही खोटंच?"

"नाही गं आई! ते खरं होतं. मला खरंच काळजी वाटते तुझी. दोन्ही खरं होतं."

मी फोन ठेवला. तिचं म्हणणं मला कळलं होतं, तिची ओढाताणही कळली होती. कळून राग गेला नाही.

गणपती आले. भाऊजी मला न्यायला आले, मी गेले नाही. मेधाचे फोन आले. "वहिनी, चुकलंच आमचं, पण या. तुमच्याशिवाय कसं होणार?" मी म्हणायचे, "येईन."

पाचव्या दिवशी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसले, बाजारातून नारळ घेतला, पाव किलो पेढे घेतले आणि रिक्षाने गेले. घर भरलेलं होतं. सगळे शेट्ये आलेले, त्यांच्या चपला भाऊजींच्या ओटीवर. साताऱ्याचं विसर्जन आटोपून केतकीही पहाटे तिथेच उतरली होती. मला बघून तिच्या तोंडावर इतकं हसू फुटलं की माझा पाय क्षणभर अडला. मी चपला दाराशी काढल्या, गणपतीसमोर नारळ आणि पेढे ठेवले, नमस्कार केला आणि कोचाच्या कडेला बसले.

"वहिनी, उकड काढून ठेवलीय बघा," मेधा पदर खोचून बाहेर आली. "तुमच्यासाठीच थांबलेय. माझ्या हाताला कळ्या येत नाहीत."

"आरास छान केलीय," मी म्हटलं. "मूर्तीही प्रसन्न आहे."

मेधा तशीच उभी राहिली. भाऊजी पुढे आले. "वहिनी, आत चला ना."

"नको भाऊजी. दर्शनाला आले होते. प्रसाद दिलात की निघते."

"निघता? विसर्जन संध्याकाळी आहे. तुमच्या हातून आरती..."

"दुसऱ्यांच्या घरचं विसर्जन होईपर्यंत कोण थांबतं? लोक दर्शन घेतात आणि जातात."

मेधाने पंचखाद्य माझ्या हातावर ठेवलं. मी ते तोंडात टाकलं, हात कपाळाला लावला, चपला घातल्या. केतकी मागून धावत फाटकापर्यंत आली.

"आई, असं परक्यासारखं काय करतेस? मी रात्री घरी येणारच होते तुझ्याकडे. चल, आत्ताच येते तुझ्याबरोबर."

"नको. गणपतीचं घर आहे, तुम्हाला पुष्कळ कामं असतील," मी म्हटलं. "पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला आलीस, बरं वाटलं."

तिने माझा दंड धरला होता तो सोडला. मी रिक्षात बसले. मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर उतरले असते.

याला आता बरीच वर्षं झाली. केतकीशी बोलणं होतं, ती येते, राहते, मी तिच्या मुलाला न्हाऊ घातलंय. मेधाशीही बोलते. पण गणपतीला मी पाचव्या दिवशी सकाळी जाते, नारळ आणि पेढे घेऊन. पहिली दोन-तीन वर्षं मेधा उकड काढून वाट बघायची. आता ती सुनेबरोबर मोदक वळून मोकळी झालेली असते. मी कोचावर बसले की हात पुसत बाहेर येते आणि आल्यागेल्याला विचारतात तसं विचारते, "वहिनी, चहा टाकू का?"

मी म्हणते, टाक.